कचेरीची बोली

१

औरंगाबादेत भडकल दरवाजाच्या बाजूला निजामाच्या वेळची एक जुनी कचेरी होती. पोलीस ॲक्शननंतर तिथला कारभार दुसऱ्या इमारतीत गेला. काही वर्षं पारव्यांनी तिथं संसार केला आणि मग एका संस्थेनं ती जागा घेऊन कॉलेज काढलं. कमानींचा लांब व्हरांडा, हातभर रुंद भिंती, चैत्रातही गार राहणाऱ्या खोल्या. व्हरांड्याच्या टोकाला एक मोठं दालन होतं. त्याला कुलूप असायचं. आत मोडकी बाकं टाकलीत, असं सगळे म्हणायचे.

त्या दालनाला लागून असलेल्या खोलीत बद्रीनाथ इतिहास शिकवायचा. अजिंठ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातला हा मुलगा. बाप लहानपणीच गेला. आई सारजाबाई हिनं दोन बैलांवर शेती ओढली आणि एकुलत्या पोराला शिकवलं. सारजाबाई म्हणजे गावात कुणाचं ऐकून न घेणारी बाई. पोरगा प्रोफेसर झाला तरी त्याला 'केस काप', 'ताठ बस', 'पुस्तक ठेव आन जेव' हे तिचं चालूच असायचं.

बद्रीनाथचा तास म्हटलं की दुसऱ्या वर्गातली पोरंही खिडकीशी येऊन उभी राहायची. तो इतिहास नुसता सांगत नसे, करून दाखवत असे. त्या वर्षी युरोपच्या इतिहासात हंगेरीचा भाग होता.

"देश हंगेरीचा," तो सांगत होता, "पण राजघराणं परकं, हॅब्सबर्गांचं. राजा राहतो व्हिएन्नात. हंगेरीचं म्हणून जे दफ्तर, तेही व्हिएन्नातच. तिथून हुकूम निघायचे आणि इकडं एक मंडळ बसवलेलं होतं, ते राजाच्या नावानं परगण्यांना हुकूम धाडायचं. राजा कुणी पाहिलेला नाही. खुर्ची रिकामी. पण हुकूम आला की लोक उठून उभे राहायचे. आता तुम्ही मला सांगा, आपल्या आज्यांनी तरी निजाम कधी पाहिला होता?"

पोरं हसली.

"काही परगणे मोठे हुशार. नको असलेला हुकूम आला की डोक्याला लावायचा आणि मानानं बाजूला ठेवून द्यायचा. पण एक राजा असा आला, की त्यानं भाषेलाच हात घातला. कचेरीत तोवर लॅटिन चालायची. त्यानं जर्मन आणली. येत नसेल त्यानं शिकावी, नाहीतर जागा सोडावी."

एवढं सांगून बद्रीनाथ फळ्याजवळच्या चौथऱ्यावर चढला. छाती काढली, एक हात पाठीमागं घेतला आणि भरदार आवाजात म्हणाला, "आम्ही, ईश्वरी कृपेनं या मुलुखाचे राजे, फर्मावतो की आजपासून कचेरीत आमचीच भाषा चालेल. जिला ती येत नाही ती जीभ कचेरीत गप्प राहील."

हे शेवटचं वाक्य त्याच्या पदरचं होतं. पोरांना रंगत यावी म्हणून त्यानं ते जोडलं होतं.

भिंतीपलीकडून आवाज आला. "बजा."

मोठा नव्हता. पुष्कळ माणसांनी मान खाली घालून एकदम म्हणावा तसा. पोरांच्या लेखण्या क्षणभर थांबल्या, परत चालू झाल्या. बद्रीनाथनं व्हरांड्यात डोकावून बघितलं. तिथं कुणी नव्हतं. पलीकडं सिटी चौकाच्या रस्त्यावरून टांगा गेला. तिकडचाच काही गलका असेल, असं म्हणत त्यानं तास पुरा केला.

२

कॉलेजचा शिपाई फकिरा हा बोलका माणूस. सकाळी फाटक उघडल्यापासून त्याचं तोंड चालू व्हायचं ते संध्याकाळी कुलपं लावेपर्यंत. बायको, एस.टी., ज्वारीचा भाव, गुडघा, कुठल्याही विषयावर तो बोलायचा, आणि तेही अख्खं गाव ऐकेल अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी फकिरा पाण्याचा तांब्या ठेवून काही न बोलता निघाला.

"काय फकिरा, बायकोनं दम दिला का आज?" बद्रीनाथ म्हणाला.

फकिरा वळला. त्यानं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा टरारल्या, धान्याचं पोतं उचलताना होतं तसं तोंड लाल झालं, पण आवाज आला नाही. मग त्यानं तोंड मिटलं, हातानं 'बाहेर चला' अशी खूण केली आणि घाईनं पायऱ्या उतरून गेला.

फाटकाबाहेर लिंबाखाली पोचताच त्याचा आवाज फुटला. "बघा! आता येतंय का नाय बोलायला? व्हय का नाय? आन आत पाय टाकला का बंद. कालपसून असं व्हतंय, सर. माह्या घशाला काय झालंय का जागंला, काय कळंना."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. दवाखान्यात चांगला बोललो मी. डॉक्टर म्हनला, मला कशाला तरास देतो?"

बद्रीनाथ हसला. घसा बसला असेल, नाहीतर मनानं काही घेतलं असेल. त्यानं फकिराला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं आणि आत गेला.

व्हरांडा त्या दिवशी फार शांत होता. चहावाला शफी किटली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होता. हा रोज 'चाय बोलो, गरम चाय' अशी दख्खनी ललकारी देत यायचा. आज तो कपावर चमचा वाजवत येत होता. बद्रीनाथकडं बघून त्यानं आपल्या गळ्याला हात लावला आणि खांदे उडवले.

३

हजेरी घेताना बद्रीनाथला काय ते दिसलं.

त्यानं पहिलं नाव घेतलं. पोरगा उठून उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, हात वर करून खाली बसला. दुसरं नाव घेतलं. तेच. एक मुलगी उभी राहिली, तिचे ओठ 'हजर' म्हणताना स्पष्ट हलले, पण माशाचे हलावेत तसे. ती घाबरून खाली बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. कुणी हसत नव्हतं. पोरांचं संगनमत म्हणावं तर एवढ्या पोरांतल्या एकाच्या तरी तोंडावर मिस्कीलपणा दिसला असता.

रोशन गेटकडून येणारा अन्सार नावाचा एक पोरगा होता. त्याच्या घरात उर्दू शायरीचा नाद होता. त्याचं नाव घेतलं तेव्हा तो म्हणाला, "हाज़िर हूँ, जनाब." खणखणीत. सगळा वर्ग वळून त्याच्याकडं बघू लागला, आणि तोही आपल्याच आवाजानं दचकला.

बद्रीनाथनं हजेरी बाजूला ठेवली. आपल्याला बोलता येतंय ना, मग शिकवू, असं ठरवून तो शिकवत गेला. परगण्यांच्या सभा, व्हिएन्नाचं दफ्तर, राजाच्या जागी नेमलेला माणूस. पोरं लिहून घेत नव्हती. नुसती त्याच्या तोंडाकडं बघत होती. घंटा झाल्यावर ती एकमेकांना ढकलत फाटकाबाहेर गेली.

तीच पदरानं तोंड पुसणारी मुलगी लिंबाखाली थांबली होती. तिनं विचारलं, "सर, आज तुम्ही उर्दूत का शिकवलं?"

"उर्दूत?"

"सगळा तास. आम्हाला काही समजलं नाही."

आपण मराठीतच बोललो याबद्दल बद्रीनाथला शंका नव्हती. निजामाच्या राज्यात त्याची शाळा उर्दूतूनच झाली होती. वर्गात तोंडून मराठी शब्द गेला की मास्तर हातावर छडी मारायचे. ती भाषा त्याला पक्की येत होती. पण पोलीस ॲक्शन झाली त्या दिवसापासून त्यानं ती कधी तोंडात आणली नव्हती.

४

कॉलेजात उर्दू शिकवायला अनवरीबेगम होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, कुणाशी फार न मिसळणाऱ्या. त्या दिवशी त्या आपणहून बद्रीनाथजवळ आल्या. आतमध्ये त्यांच्या तोंडून पुस्तकी, कोरी उर्दू येत होती. लिंबाखाली आल्यावर मात्र नेहमीची मराठी सुरू झाली, मधून दख्खनी डोकावणारी.

"सर, तुम्ही काल वर्गात काय वाचलं?"

"वाचलं नाही. म्हणून दाखवलं. एक हुकूम."

"कोणाचा?"

"हंगेरीच्या राजाचा. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीचा."

अनवरीबेगम दालनाच्या बाजूला बघत राहिल्या. "माझे अब्बा ह्याच कचेरीत होते. पेशकार. हैदराबादहून हुकूम आला की भर दुपारी त्या दालनात सगळा अमला उभा करायचे आणि अब्बा वाचून दाखवायचे. पुढं एक मोठी खुर्ची होती, पांढरी चादर घातलेली. तिच्यावर कधी कुणी बसलेलं नाही. हुकूम संपला की सगळे म्हणायचे, बजा. म्हणजे, दुरुस्त आहे, मान्य आहे."

भिंतीपलीकडून आलेला आवाज बद्रीनाथनं कुणाला सांगितला नव्हता.

"अब्बा म्हणायचे, हुकूम कागदावर आहे तोवर कागद. तोंडातून गेला की हुकूम. एखादा हुकूम लई कडक असला तर ते त्याला डोळ्यांना लावायचे आणि फडताळात ठेवून द्यायचे. वाचायचेच नाहीत. त्या दालनाच्या आसपास तर मोठ्यानं काही वाचायला त्यांची सक्त मनाई होती. आम्हा पोरींना सुद्धा. आम्ही हसायचो."

"मग पुढं काय झालं त्यांचं?"

"पुढं काय व्हायचं. राज बदललं. नवे साहेब आले, म्हणाले, मराठी शिका नाहीतर घरी बसा. त्या वयात कुठून शिकणार? घरी बसले. मरेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. आमच्याशी पण नाही." त्यांनी पदर सावरला. "म्हणून विचारते. तुम्ही जे म्हटलं ते कोणत्या भाषेबद्दल होतं?"

"आमची भाषा, एवढंच म्हणालो."

"म्हणजे तिथं जी चालत होती ती," अनवरीबेगम म्हणाल्या. "दरबारी. ती तर शफीची पण नव्हे, फकिराची पण नव्हे. आमच्या घरात पण चुलीजवळ ती कुणी बोलत नव्हतं."

५

बद्रीनाथनं ते मनावर घेतलं नाही. निदान तसं त्यानं स्वतःला बजावलं. जुन्या इमारतीतला चुना घशात जात असेल. एकाला झालं की दहा जणांना होतं, शाळेत एक पोर चक्कर येऊन पडलं की रांगेनं पडतात, तसलं काही असेल. आणि उर्दूत शिकवलं, तर लहानपणीची सवय. माणूस झोपेत नाही का बडबडत?

प्राचार्य नागपूरकडचे होते, उर्दूचा त्यांना गंध नव्हता. गेले दोन दिवस ते आपल्या खोलीत चिठ्ठ्या लिहून कारभार हाकत होते. बद्रीनाथनं त्यांना बाहेर बोलावून चार दिवस कॉलेज बंद ठेवा, असं सुचवलं. ते भडकले. "काय कारण लिहू विद्यापीठाला? घसे बसले? लोक हसतील. दिवाळीच्या सुट्टीत रंग देऊन घेऊ, सगळं ठीक होईल." आणि ते पुन्हा आत जाऊन मुके झाले.

दुपारी व्हरांडा रिकामा झाला तेव्हा बद्रीनाथ त्या दालनाच्या दारापाशी गेला. कुलपावर गंज होता आणि कडीला कोळिष्टक. त्यानं कान लावला. आत काहीच नव्हतं. मग हळूहळू लक्षात आलं, की ते काहीच नसणं रिकाम्या खोलीचं नव्हतं. भरल्या सभेत कुणीतरी बोलायला उभं राहतं आणि सगळे श्वास आवरून घेतात, तसं होतं. मध्येच कुणीतरी पाय बदलल्यासारखी फरशी कुरकुरली.

त्यानं दारावर तळहात ठेवला. बाकीच्या भिंती गार होत्या. दार कोमट होतं, पुष्कळ माणसं खूप वेळ दाटीनं उभी असावीत तसं.

तो हात काढून मागं सरला आणि पळालो नाही असं दिसेल इतक्या बेतानं चालत फाटकाबाहेर आला.

६

सारजाबाई तशी न कळवता यायचीच. त्या दिवशी ती ताज्या शेंगा आणि भाकरी फडक्यात बांधून अजिंठ्याच्या गाडीनं आली. पोराच्या खोलीला कुलूप दिसलं, तेव्हा विचारत विचारत तडक कॉलेजवर आली.

बद्रीनाथ त्या वेळी रस्त्यापलीकडं शफीच्या टपरीवर अनवरीबेगमांशी बोलत बसला होता. फकिरा धावत आला.

"सर, तुमची माय आली! म्या म्हनलं थांबा, सरास्नी बोलावतो, तर ऐकंनातच. म्हनल्या, माह्या पोराची कचेरी मला बघू दे. गेल्या आत. अन ते टोकाचं दार उघडं हाय, सर. माह्याकडं किल्ली नाय त्याची. त्या तिथंच गेल्या."

बद्रीनाथच्या हातातला कप तसाच बाकावर राहिला. तो धावला. मागून अनवरीबेगम पदर खोचून येत होत्या.

कुलूप कडीला होतं तसंच लटकत होतं, बंद. तरी दार उघडं होतं. भर दुपारचं ऊन व्हरांड्यात पडलं होतं आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबलं होतं.

आत माणसं उभी होती.

त्याला दिसल्या त्या पाठी. ओळीमागं ओळ, दालनाच्या त्या टोकापर्यंत. काळ्या शेरवान्या, पागोटी, दस्तारी, काही डोकी अशी की त्यांना कुठल्या मुलखात बसवावं ते कळेना, पांढऱ्या केसांचे टोप चढवलेली. सगळी एका उंचीची. कुणी हलत नव्हतं. आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला हिरवं लुगडं नेसलेली त्याची आई. हात समोर जोडलेले, मान खाली. असं उभं राहिलेलं त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं, तहसीलदारापुढं नाही की देवापुढं नाही. तिचे ओठ भराभरा हलत होते आणि आवाज येत नव्हता.

"माय," त्यानं हाक मारली. कानावर काही भलताच शब्द पडला. तिनं मान वळवली नाही.

त्यानं पुढं होऊन तिचा दंड धरला, ओढला. ती जात्याच्या खुंट्यासारखी घट्ट होती. एक इंचभर हलली नाही.

अनवरीबेगम उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या. त्यांच्या तोंडून ती कोरी उर्दू येत होती. "ओढून काही होणार नाही. हुकूम मागं घ्या."

"मी कोण मागं घेणार?"

"तेच म्हणते. पेशकार फक्त वाचतो. मागं घेतो तो मालक."

बद्रीनाथला तो राजा आठवला. त्यानंही शेवटी, अंथरुणाला खिळला असताना, आपले बहुतेक हुकूम मागं घेतले होते. पुढच्या आठवड्यात हेच शिकवायचं होतं. त्यानं आईकडं एकदा पाहिलं आणि ओळींच्या मधून चालू लागला. चेहऱ्यांकडं बघायचं नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पायांकडं बघत चालला. दोन्ही बाजूंना पाय होते, जोडे, वहाणा, बूट, आणि कशाचीच सावली फरशीवर नव्हती.

खुर्चीजवळ पोचून तो वळला, नजर छताला लावली आणि म्हणाला, "हम अपना हुक्म वापस लेते हैं."

काहीच झालं नाही. पुन्हा म्हणाला. कुणीच हललं नाही. शेकडो माणसांनी वाट पाहावी तशी शांतता होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, झुकलेल्या माना त्याच्याकडं वळलेल्या नव्हत्या. त्याच्या बाजूला, खुर्चीवरच्या चादरीकडं वळलेल्या होत्या.

मग त्याला कळलं, की शेजारी उभं राहून सांगितलेलं इथं कुणाला ऐकू जात नाही.

आई तिकडं, टोकाला, ओठ हलवत होती. बद्रीनाथ मागं सरकला आणि चादरीवर बसला.

खुर्ची रिकामी नव्हती. तो बसताना चादरीखाली कुणीतरी जरा सरकलं आणि त्याला जागा करून दिली.

"हम," तो म्हणाला, आणि या खेपेला आवाज त्याच्या छातीतून आला नाही, खालून आला, "अपना हुक्म वापस लेते हैं."

"बजा."

सगळ्या माना एकदम वर होऊ लागल्या. बद्रीनाथनं डोळे गच्च मिटून घेतले.

७

"बद्री! अरं, त्या घाणीत काय बसलास? ऊठ आधी."

त्यानं डोळे उघडले. मोडकी बाकं, पारव्यांची विष्ठा, आणि मधोमध फडकं सावरत उभी असलेली सारजाबाई. तो एका तुटक्या खुर्चीवर बसला होता. चादर वगैरे काही नव्हतं. अनवरीबेगम दाराशी तोंडावर हात धरून रडत होत्या. व्हरांड्यातून फकिराचा आवाज येत होता, तो कुणाला तरी जोरजोरात गुडघ्याचं दुखणं सांगत होता.

सारजाबाईला काही आठवत नव्हतं. आत लई गार वाटलं, एवढंच ती म्हणाली.

बद्रीनाथला तिथं थांबवेना. त्यानं प्राचार्यांना अर्ज दिला, खोलीवरून पिशवी घेतली आणि आईबरोबर दुपारच्या गाडीत बसला. गाडी दिल्ली दरवाजा मागं टाकून हर्सूलच्या पुढं गेली तेव्हा कुठं त्याचा जीव भांड्यात पडला. आईनं खिडकीची जागा पकडली होती आणि तिचं बोलणं सुरू होतं. कपाशी कशी आहे, कडूबाच्या पोरीचं कुठं जमलं, भागूबाईनं बांधावरून कसं भांडण काढलं. ते ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. पण डोकं ठणकत होतं आणि रात्रभर झोप नव्हती.

"माय, जरा गप बस," तो मायेनंच म्हणाला, आणि मान टेकली.

जाग आली तेव्हा सिल्लोड आलं होतं. आई त्याच्याकडं बघत होती. तोंड अर्धवट उघडं, हात हवेत, भागूबाई कशी ओरडली ते सांगताना होता तसाच. उडत्या धुळीनं तिचे ओठ कोरडे पडले होते.

"काय झालं? बोल की."

"-रडली मह्यावर," सारजाबाई म्हणाली, आणि 'ओरडली' जिथं तुटलं होतं तिथून पुढं सांगू लागली.

८

घरी पहिले दोन दिवस बद्रीनाथनं स्वतःची समजूत घातली. आई दमलीय. वय झालं. भर दुपारी त्या कोंदट जागेत तिला काहीतरी झालं असेल.

तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढं बसली होती, समोर भाकरीची टोपली. ताटाला हात न लावता ती बसून होती. "जेव ना, माय," असं म्हणून तो ओसरीवर आला. शेजारचा बन्सी बैलाच्या औषधाचं विचारायला आला होता. त्याच्याशी बोलण्यात वेळ गेला. आत परतला तेव्हा टोपली रिकामी होती. सारजाबाई परातीतलं कोरडं पीठ मुठीनं तोंडात घालत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशातून ओकारीचे आवाज येत होते आणि हात थांबत नव्हता.

"बास!" तो ओरडला.

हात जागच्या जागी थांबला.

त्यानं तिचं तोंड धुतलं, पाणी पाजलं. पाजताना सुद्धा 'पी' म्हणावं लागलं आणि मग 'पुरे' म्हणावं लागलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही ती त्याच्यापुढं शहाण्या मुलीसारखी बसली होती. तिनं त्याला केस कापायला सांगितलं नाही. ताठ बसायला सांगितलं नाही.

कॉलेजला तो परत गेला नाही. तिथं म्हणे सगळं सुरळीत झालं. अनवरीबेगमांचं कार्ड यायचं, प्रकृतीची चौकशी असायची. त्यांना काय उत्तर द्यावं ते त्याला सुचत नसे. तो शेत बघू लागला आणि कमीत कमी बोलू लागला. बोलायचंच झालं तर आधी शब्द मनात उलटापालटा करून बघायचा, की यात कुठं 'कर' आहे का, 'जा' आहे का, 'थांब' आहे का. गावात लोक म्हणायचे, बद्रीनाथ शिकून घुमा झाला. म्हातारी मात्र पोरावर किती जीव टाकते बघा, त्याच्यावरून नजर काढत नाही.

एक दिवस उन्हं उतरताना तो अंगणात तिच्यापुढं उभा राहिला. बरेच दिवस मनात घोळवलेलं त्यानं सांगून टाकलं.

"माय, मी तुला आता काही सांगणार नाही. तुला वाटंल तसं वाग. तुझ्या मनाला येईल ते कर."

सारजाबाई ऐकत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. ती जमिनीकडं बघत राहिली, हाताची बोटं एकमेकांत गुंतवत, फार अवघड काही सांगितल्यासारखी. बांधावरून भागूबाईनं तिला दोनदा हाक मारली, शेळी सुटलीय म्हणून. सारजाबाईनं तिकडं पाहिलंही नाही.

मग तिनं मान वर केली आणि पोराच्या ओठांकडं नजर लावून, मनाला काय येतं ते तो सांगेल म्हणून उभी राहिली.